एक छेद क्ष अधिक एक

2012 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका मराठी घरात एक अर्ज लिहिला गेला. मुलगी जन्मांध, अठरा वर्षांची, संख्याशास्त्र शिकायला विद्यापीठात निघालेली. तिला लॅपटॉप हवा होता, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं 'जॉज' हे सॉफ्टवेअर हवं होतं आणि तोच मजकूर बोटांनी वाचता येईल असा टाचण्यांनी उमटवणारा चाळीस घरांचा ब्रेल डिस्प्ले हवा होता. नुसतं सॉफ्टवेअर हजार डॉलरच्या घरात जायचं आणि डिस्प्लेला तर काही हजार मोजावे लागायचे. राज्याच्या पुनर्वसन विभागाकडून ही सामग्री मिळू शकते, असं शाळेतल्या शिक्षिकेनं सांगितलं होतं.

अर्ज वडिलांनी लिहिला. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. सरकारी कचेरीला कसं लिहायचं हे ते आपल्या वडिलांना पाहून शिकले होते, तेच त्यांनी इंग्रजीत उतरवलं. मुलीचं अंधत्व, तिची हुशारी, मिळालेली बक्षिसं, घरातली ओढाताण आणि शेवटी आपले उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. आईनं वाचलं आणि डोळे पुसले.

महिन्याभरात नकार आला. विद्यापीठाच्या संगणक कक्षात बोलणारा संगणक आहे, तो वापरावा. आणि संगणक बोलतो म्हटल्यावर ब्रेल डिस्प्लेची गरज दिसत नाही.

"मी म्हटलं नव्हतं, हात पसरून काही मिळत नाही म्हणून?" वडील म्हणाले. तसं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. पण अपमान झालेला माणूस असं बोलतो.

त्यांच्या शहरातल्या केंद्र सरकारच्या इमारतीत एक अंध गृहस्थ बरीच वर्षं चहा-कॉफीचा आणि खाऊचा स्टॉल चालवत होते. सरकारी इमारतींत असे स्टॉल चालवण्यात अंधांना प्राधान्य देणारा कायदा तिथे 1936 पासून आहे. गावातल्या अंध मुलांना या गृहस्थांचा पत्ता बरोबर माहीत असे. मुलगी त्यांच्याकडे गेली आणि अर्ज वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"यात संख्याशास्त्र कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच ओळीत. मी ते शिकणार आहे, असं लिहिलंय ना."

"शिकणार आहेस. पण शिकताना काय करणार आहेस? पुनर्वसन विभागातल्या तुझ्या समुपदेशक बाई चांगल्या आहेत, मी ओळखतो त्यांना. अर्ज वाचून त्यांना वाईटही वाटलं असेल. पण त्यांना वरच्या साहेबांना कागद दाखवावा लागतो, आणि त्या कागदावर दयेचा रकाना नाही. तुझं नोकरीचं ध्येय काय आणि ही वस्तू नसेल तर त्यातलं कोणतं काम अडतं, हे दोनच रकाने आहेत."

मग त्यांनी तिला कायदा समजावला. 1973 च्या पुनर्वसन कायद्याप्रमाणे विभागानं प्रत्येक पात्र व्यक्तीबरोबर बसून नोकरीचा आराखडा करायचा असतो. त्यातलं ध्येय आणि लागणाऱ्या सेवा ठरवताना त्या व्यक्तीची निवड धरायची असते. नकार पटला नाही तर दाद मागता येते, आणि त्यासाठी मदत करणारी यंत्रणा प्रत्येक राज्यात ठेवावी लागते. "ती वाट आहेच," ते म्हणाले. "पण आधी बाईंना 'हो' म्हणता येईल असं काहीतरी त्यांच्या हातात दे. तुझा एक सोमवार लिहून काढ. सकाळपासून रात्रीपर्यंत."

इथे मला अब्राहम नेमेथ यांची आठवण होते. गणितातली चिन्हं ब्रेलमध्ये लिहिण्याची जी पद्धत अमेरिकेत रूढ झाली, ती या अंध प्राध्यापकाची. पण तरुणपणी सल्लागारांनी त्यांना गणितापासून परावृत्त केलं होतं. अंधाला ते कसं जमणार, म्हणून ते मानसशास्त्र शिकले, त्यात पदवीवर पदवी घेतली आणि तरीही मनासारखं काम मिळेना. शेवटी पत्नीनं बळ दिलं तेव्हा ते गणिताकडे वळले. सल्ला देणारी माणसं दुष्ट नव्हती. अंध माणूस गणित प्रत्यक्ष कसं करतो, हे त्यांच्यातल्या कुणी पाहिलंच नव्हतं.

मुलीनं सोमवार लिहायला घेतला. विद्यापीठात जाऊन संगणक कक्षाच्या वेळा विचारल्या, तर तो रात्री नऊला बंद होत होता. त्यात बोलणारा संगणक एकच. प्राध्यापकांना भेटली, तर ते वर्गातच आकडे देऊन तिथल्या तिथे आकडेमोड करून घेणार होते. म्हणजे यंत्र तिच्याबरोबर वर्गात हवं. मग तिनं स्वतःच्या मागणीकडेही त्याच नजरेनं पाहिलं. वडिलांनी लॅपटॉपच्या यादीतलं सगळ्यात महागडं नाव टाकलं होतं. तिच्या कामाला मधल्या किमतीचा पुरेसा होता, तिनं तो लिहिला. आणि जे कुणालाच सुचलं नव्हतं ते नव्यानं घातलं, डिस्प्ले आणि सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे तास. शिकवणीशिवाय दिलेली यंत्रं कपाटात पडून राहतात, हे स्टॉलवाल्या गृहस्थांनी अनेक घरांत पाहिलं होतं.

कागद दोन पानांचा झाला. उपकारांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. वडिलांना तो कोरडा वाटला.

भेटीच्या दिवशी समुपदेशक बाईंनी पानं वाचली. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरपुढे खूण केली, डिस्प्लेपाशी मात्र थांबल्या. "हे अजून मला कळत नाही. संगणक वाचून दाखवतो ना सगळं?"

"मी गणितातली एक ओळ बोलते, तुम्ही लिहाल?" मुलगी म्हणाली. "एक छेद क्ष अधिक एक."

बाईंनी लिहिलं.

"छेदाखाली काय लिहिलंत?"

"क्ष. आणि पुढे अधिक एक."

"मला छेदाखाली 'क्ष अधिक एक' हे सगळं हवं होतं. क्षची किंमत 1 धरली तर तुमचं उत्तर 2 येईल, माझं अर्धं. संगणकानं कंस गाळून वाचलं की माझंही असंच होतं. प्रत्येक चिन्ह उच्चारायला लावता येतं, पण मग एका ओळीत सहा वेळा 'कंस सुरू, कंस पूर्ण' ऐकताना सुरुवात डोक्यातून निघून जाते. तुम्ही आत्ता कागदाकडे परत पाहिलंत ना? मला तसं परत पाहायला बोटं लागतात."

तिनं शाळेकडून उसना आणलेला जुना डिस्प्ले पिशवीतून काढला, तीच ओळ त्यावर आणली आणि बाईंचं बोट एका घरावर ठेवलं. बारीक टाचण्या वर आल्या होत्या. "हा कंस." मग शेवटचं घर. "आणि हा मिटला."

बाईंनी पेन उचललं. "प्रोग्रॅम लिहितानाही हेच होत असणार."

"तिथे एक कंस चुकला तर प्रोग्रॅम चालतच नाही."

"हे वाक्य मी जसंच्या तसं घेते," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. मधेच थांबून त्यांनी दुरुस्तीची हमी किती वर्षांची आहे ते विचारलं. मुलीला ते माहीत नव्हतं. बाईंनीच विक्रेत्याला फोन लावला, उत्तर मिळवलं आणि तोही आकडा कागदावर चढवला. ही मागणी आता त्यांचीही झाली होती.

मंजुरी यायला आणखी काही आठवडे गेले. वर्ग तोवर सुरू झाले होते आणि मुलीनं ते दिवस उसन्या डिस्प्लेवर काढले. सगळं मंजूर झालं, प्रशिक्षकाचे तास थोडे कापून.

सामान ताब्यात घेतल्याची सही करायला ती गेली, तेव्हा बाईंनी विचारलं, "तुझे ते दोन कागद मी नाव खोडून दुसऱ्या एकाला देऊ का? गेल्या वर्षी मी त्याला नाही म्हटलं होतं. तो कायदा शिकतोय."

"द्या. पण त्याच्या कामाचे नाहीत ते," मुलगी म्हणाली. "त्याला समीकरणं नसतील, शेकडो पानांचे निकाल वाचायचे असतील. त्याचा सोमवार वेगळा असणार. माझा नंबर द्या त्याला. शनिवारी मी मोकळी आहे, आम्ही बसून लिहू."