जिन्याखालची जागा

शाळा सोडल्याचा दाखला हरवला म्हणून गेल्या जूनमध्ये अकरा वर्षांनी शाळेत जावं लागलं. दुसरी प्रत काढायची तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि मुख्य म्हणजे हेडसरांची सही. सर वर्गावर होते. मामा म्हणाले, "बस आत केबिनमध्येच, पंखा आहे."

केबिनमध्ये समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यावर सोळा चौकोन. एकात गेट, एकात मैदान, एकात आठवी ब. बाराव्या की तेराव्या चौकोनात काय आहे ते कळायला थोडा वेळ लागला, कारण ती जागा मी कधी वरून पाहिली नव्हती. पूर्वेकडच्या जिन्याखालची तिरकी जागा. आमच्या वेळी तिथे मोडकी बाकं रचलेली असायची आणि त्यांच्यामागे दोन जणी मावतील एवढी फट. आता बाकं नाहीत, फरशी लख्ख. मी बघत होते तेवढ्यात एक मुलगा आत आला, वाकून भिंतीला टेकायला गेला, मग त्याची नजर वर गेली. सरळ माझ्याकडे बघितल्यासारखं वाटलं. दोन सेकंदांत निघून गेला.

"तिथं कुणी बसू नये म्हणून लावलाय," चहा ठेवता ठेवता मामा म्हणाले.

ही जागा माझ्यासाठी काय होती ते सांगते. नववीत असताना माझ्या मैत्रिणीनं मला पहिल्यांदा तिथे सांगितलं की दहावीनंतर तिचं लग्न ठरवायचं चाललंय. मुलगा बघून गेला होता. ती रडत नव्हती, हसत सांगत होती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. वर्गात हे बोलता आलं नसतं, घरी तर नाहीच. मधल्या सुट्टीत रोज आम्ही त्या फटीत जाऊन बसायचो आणि तेच तेच बोलायचो.

पण दुसरीही गोष्ट सांगायला हवी. त्याच जागेत, त्याच वर्षी, दहावीतली तीन मुलं सातवीच्या एका मुलाला रोज उभं करायची. त्याचा डबा खायची, कान धरून उठाबशा काढायला लावायची. मी हे तीनदा पाहिलं. चौथ्या वेळेपासून मी पश्चिमेकडच्या जिन्यानं जायला लागले. कुणालाच काही सांगितलं नाही. तो मुलगा आठवीत दिसला नाही. का, ते मी विचारलं नाही.

म्हणून "मुलांना मोकळं सोडा, काढा ते कॅमेरे" असं कुणी लिहिलं की माझा हात लाइकवर जाता जाता थांबतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघड झाला. चार वर्षांच्या मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार. लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारनं आदेश काढला की महिनाभरात सगळ्या शाळांनी सीसीटीव्ही बसवावेत, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून निदान तीनदा चित्रण तपासावं. 2025 मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना वर्ग, जिने, व्हरांडे, ग्रंथालय, कँटीन, मैदान, सगळीकडे आवाजासकट रेकॉर्ड करणारे कॅमेरे लावायला सांगितलं. वगळली ती स्वच्छतागृहं. दिल्ली सरकार तर 2019 मध्येच पालकांना मोबाइलवर वर्ग दिसावा अशी सोय करायला निघालं होतं. यातल्या कुणाचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. बदलापूरनंतर कुठल्या आईबापानं कॅमेरा नको म्हणायचं? फक्त एक गोष्ट खुपते. जिथे अत्याचार झाला तिथे कॅमेरा लावताच येत नाही, लावूही नये. तिथे माणूस हवं होतं. एवढ्याशा मुलींसोबत जायला एखादी मावशी, एखादी बाई. माणूस ठेवायचं तर दर महिन्याला पगार द्यावा लागतो. कॅमेरा एकदाच घेतला की झालं.

मराठीत आपण "लक्ष" आणि "नजर" हे दोन शब्द अगदी नेमके वापरतो. पोरावर नजर ठेव आणि पोराकडे लक्ष दे, या दोन वाक्यांतलं पोर एकच असलं तरी पहिल्या वाक्यात ते काहीतरी करणार आहे असा संशय आहे, दुसऱ्यात त्याला काहीतरी होईल अशी काळजी. शाळेची इमारत बांधताना यातलं काय मनात ठेवून भिंत घालायची, हा मला नीतीचा प्रश्न वाटतो. आपण तो ठेकेदारावर सोडतो.

हा प्रश्न जुना आहे. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाच्या भावाला रशियात एका कारखान्यासाठी गोल इमारत सुचली होती. मध्ये बसून एकानं सगळ्यांवर देखरेख करायची. बेंथमनं ती कल्पना उचलली, तुरुंगासाठी रंगवली, आणि 1791 मध्ये "पॅनॉप्टिकॉन" हे पुस्तक छापलं. मधल्या मनोऱ्यात पहारेकरी असेल किंवा नसेल. कैद्याला ते कळत नाही, म्हणून तो कायम पाहिलं जात असल्यासारखा वागतो. पुढे फूकोनं यावर लिहिलं आणि पॅनॉप्टिकॉन प्रसिद्ध झालं, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण त्या पुस्तकातलं एक पत्र फक्त शाळांबद्दल आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे बेंथम स्वतःच शंका काढतो की सदोदित पहाऱ्यात वाढलेली मुलं माणसं होतील की यंत्रं? आणि स्वतःच उत्तर देतो, थोडक्यात असं की यंत्रं झाली तरी सुखी असतील तर मला चालेल. पुढे त्यानं लंडनमध्ये स्वतःच्या बागेत अशी शाळा उभारायचाही घाट घातला होता. ती झाली नाही. मला बेंथमचा राग येत नाही, उलट त्याचं कौतुक वाटतं. त्यानं निदान प्रश्न विचारला. आमच्या शाळेच्या संस्थेनं टेंडर काढताना तेवढंही केलं नसणार.

यंत्रं सुखी असतील का, यावर वाद घालता येईल. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं काम काय असतं? मी कोण आहे हे अजून ठरलेलं नाही, ते वापरून बघणं. आज एक चाल, उद्या वेगळा आवाज, परवा एक मूर्ख कविता. यातलं नव्वद टक्के पुढे फेकून द्यायचं असतं. फेकून द्यायचं म्हणजे ते इतरांनी विसरलं पाहिजे. कॅमेरा विसरत नाही, निदान साठवणीचे दिवस भरेपर्यंत तरी. आणि रेकॉर्ड होतंय हे माहीत असलेलं मूल वापरून बघतच नाही. रील करताना बारा टेक घेणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

मग कोपरे ठेवायचे, तर सातवीतल्या त्या मुलाचं काय?

माझ्या आजोळच्या घराला ओसरी होती. दुपारी आजी तिथे सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. आम्ही पोरं परसात, गोठ्यात, कुठेही असायचो. तिला आम्ही दिसत नसू, पण कोण आलं, कोण रडत गेलं, कोण फार वेळ दिसलं नाही, हे सगळं तिला माहीत असायचं. तिचं लक्ष तांदळात असायचं आणि आमच्याकडेही. जेन जेकब्ज नावाच्या बाईनं 1961 मध्ये अमेरिकन शहरांबद्दल लिहिलं की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांपेक्षा दुकानदार, खिडकीतल्या बायका, ये-जा करणारे लोक यांच्यामुळे. मला ती ओसरीच वाटली.

हे लिहून आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तुझ्या आजीची ओसरी मला विचार." तिच्यासाठी ती चौकी होती. कुणाशी बोलली, किती वेळ बोलली, पदर कुठे होता, सगळ्याची नोंद. बरोबरच आहे. सावित्रीबाई 1848 मध्ये भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवायला जायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण फेकणारे लोकही कुठल्यातरी ओसरीवरूनच उतरले असणार. त्यामुळे माणसाचे डोळे चांगले आणि काचेचे वाईट, इतकं ते सोपं नाही. तरी एक फरक उरतोच. ओसरीवरचा माणूस मला दिसतो. तो बघतोय हे मला कळतं, मी त्याच्याशी भांडू शकते, त्याला टाळू शकते, त्याच्याकडे रडत जाऊ शकते. बेंथमच्या मनोऱ्यात हेच नेमकं काढून घेतलंय.

आमच्या शाळेत अशी ओसरी अपघातानं झाली होती. शिक्षकखोलीतला पंखा बंद पडला होता आणि वर्षभर कुणी दुरुस्त केला नाही. म्हणून आमच्या मराठीच्या बाई मधल्या सुट्टीत पूर्वेकडच्या व्हरांड्यात एका बाकावर बसून वह्या तपासायच्या. जिना तिथून दहा पावलांवर. त्यांना आम्ही दिसत नव्हतो. त्यांना दिसायचं ते एवढंच की या दोघी रोज तिकडे जातात आणि घंटा झाल्यावर डोळे पुसत येतात. पंधरा दिवस त्या काही बोलल्या नाहीत. एक दिवस वही परत देताना हळूच म्हणाल्या, "काय गं, दोघींचं काय चाललंय?" मैत्रिणीनं सगळं सांगितलं. बाई तिच्या घरी गेल्या, एकदा नाही, चारदा. लग्न पुढे ढकललं. ती बारावी झाली, मग डीएड.

आणि उठाबशा? त्या शाळा सुटल्यावर व्हायच्या, बाई चारच्या एसटीनं निघून गेल्यानंतर. बाक रिकामं असायचं तेव्हा.

जागा तीच होती. हे कळायला मला अकरा वर्षं आणि एक टीव्ही लागला.

काही वास्तुरचनाकार हा अपघात मुद्दाम घडवून आणतात. हर्मन हर्ट्झबर्गर या डच माणसानं 1960 नंतर डेल्फ्टमध्ये एक माँटेसरी शाळा बांधली. ती लहान मुलांची आहे, पण तिच्यातली युक्ती मोठ्यांनाही चालेल. त्याचे वर्ग इंग्रजी एल अक्षरासारखे आहेत, म्हणजे एकाच वर्गात वळणाआड थोडं बाजूला बसता येतं. वर्गाच्या दारापाशी एक खोल उंबरठा, तिथे मूल एकटं काम करू शकतं. ते वर्गातही आहे आणि बाहेरही. आपल्याकडे "बाहेर उभा राहा" ही शिक्षा असते, तिथे ती बसायची जागा आहे. मधल्या दालनात त्यानं विटांचा एक चौथरा बांधला, हलवता न येणारा, कुणालाही बसता यावं असा. आपण त्याला कट्टा म्हटलं असतं.

स्वच्छतागृहांचंही तसंच. इंग्लंडमधल्या अनेक नव्या माध्यमिक शाळांत हात धुण्याची जागा सरळ व्हरांड्याला उघडी ठेवतात आणि आतल्या एकेका खोलीची दारं मात्र जमिनीपासून छतापर्यंत बंद. जे खासगी ते पूर्ण खासगी, जे सामायिक ते सगळ्यांसमोर. मुलं-मुली एकत्र ठेवली तिथे मुलींनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. पण मूळ विचार बघा. आपल्या कितीतरी शाळांत याच्या उलट असतं: मुलींचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, मैदानापलीकडे, वाटेत कुणी नाही, आणि आत गेल्यावर कडी नाही. मोजदाद करणाऱ्या तक्त्यात मात्र "स्वतंत्र स्वच्छतागृह: होय". 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोली, स्वच्छतागृह, पाणी, मैदान, कुंपण यांची यादी आहे. तीही आठवीपर्यंतच्याच मुलांसाठी. नववी-दहावीचं वय, जेव्हा बसायला एक कोपरा सगळ्यात जास्त लागतो, त्या कायद्याच्या बाहेर आहे.

हेडसर वर्गावरून आले. ते माझ्या वेळचे नाहीत, माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. दाखल्यावर सही करता करता त्यांनी विचारलं काय करता, आणि मी नको तेवढं बोलले, वर लिहिलंय त्यातलं बरंचसं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टीव्हीकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, साडेआठशे मुलं आहेत, शिक्षकांच्या सात जागा रिकाम्या आहेत. उद्या काही झालं तर लोक मला विचारणार. सांगा, काढू का कॅमेरा?"

मला हो म्हणता आलं नाही. मी विचारलं, व्हरांड्यातलं ते बाक कुठे गेलं.

"आहे ना, स्टोअरमध्ये. ठेवायचं परत?" ते म्हणाले. मग पेनाचं टोपण लावत, "पण बसणार कोण तिथं?"