नाद आणि मालकी

जिचे अस्तित्वच तिच्या विलयाशी बांधलेले आहे, अशा वस्तूचा संग्रह करता येतो काय, हा प्रश्न ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकाला सहसा पडत नाही. त्याचा वेळ कपाटे लावण्यात, याद्या करण्यात आणि मुंबईच्या चोरबाजारात धुळकट तबकड्यांचे ढीग उपसण्यात खर्ची पडतो. आपल्या दर्शनकारांनी मात्र या प्रश्नाची मूळ फिर्याद ग्रामोफोनच्या कितीतरी शतके आधी दाखल करून ठेवली आहे. नैयायिकांच्या मते शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो, म्हणून तो अनित्य. मीमांसकांच्या मते शब्द नित्यच असून उच्चार त्याला केवळ प्रकट करतो. हा वाद वेदप्रामाण्यासाठी झडला हे खरे. पण तो स्वराला लावून पाहिला, तर संग्राहकाच्या छंदाची बरीच उकल होते.

1902 साली कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग या साहेबाने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा नैयायिकांचा पक्ष कायमचा हरला असे कोणासही वाटले असते. पण हाती नेमके काय लागले? तासभर उलगडणारा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचा म्हणजे आलापीला रजा द्यावी लागे, आणि शेवटी गायिका स्वतःचे नाव पुकारी. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तेथील कामगारांना गाणे कोणाचे हे त्यावरून कळे. दस्तऐवजावर सही-शिक्का असावा तसा तो पुकार आजही ऐकू येतो. गाणे सरले आणि दस्तऐवज उरला, असा हा व्यवहार आहे.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी लावून पाहावी. यंत्राला किल्ली द्यावी, मऊ फडक्याने चरांच्या दिशेने धूळ टिपावी, नवी सुई बसवावी. प्रथम खरखर येते आणि तिच्यातून तो बारीक, टोकदार, स्वरावर अचूक स्थिरावणारा आवाज वर येतो. तीन मिनिटांनी सुई मधल्या कोऱ्या वर्तुळात जाऊन घासू लागते. या अवधीत प्रत्येक स्वर जन्मला आणि गेला, इतके नैयायिकांचे खरेच झाले. पण 1937 साली देह ठेवलेल्या गवयाचा तोच षड्ज आज या खोलीत पुन्हा प्रकट झाला, तेव्हा मीमांसकांचेही काही खोटे ठरले नाही. खोटी ठरली ती फक्त संग्राहकाची समजूत, की गाणे तबकडीत ‘आहे’. तबकडीत लाखेवर कोरलेली एक नागमोडी रेषा आहे. ती नादाची अभिव्यंजक आहे, आश्रय नव्हे.

शिवाय नादाला टिकण्यासाठी लाखेचीच गरज असते असेही नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी आपले गाणे तबकड्यांच्या हवाली केले नाही. तरी त्यांची गायकी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठात नांदली, आणि मंजी खाँ व बुर्जी खाँ या पुत्रांकरवी मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापर्यंत पोहोचली. उलट केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली, त्याच वर्षी बाई निवर्तल्या, आणि आज ती भैरवी अशा ठिकाणी आहे जिथे कोणत्याही संग्राहकाची वहिवाट चालत नाही.

पतंजलींनी अपरिग्रहाला यमांत स्थान दिले आहे. मग हजारो तबकड्या बाळगणारा यमभंगाचा दोषी म्हणावा काय? माझ्या मते दोष संख्येत नाही, ममत्वात आहे. दुर्मिळ तबकडी हाती येताच जो तिला इनामाची सनद समजून कुलुपात घालतो, अभ्यासकाला तिची नक्कल देण्यास नकार देतो आणि स्वतःही ती वर्षानुवर्षे वाजवीत नाही, तो नादाचा नव्हे, लाखेचा धनी. गायक, राग, साथ, मुद्रणाचा क्रमांक यांची काटेकोर नोंद ठेवणारा, मागेल त्याला ऐकवणारा आणि गावात बैठक असेल त्या रात्री घरची तबकडी बाजूला ठेवून हयात गवयापुढे जाऊन बसणारा जो असतो, तो अमानतदार. त्याच्या कपाटात दहा हजार तबकड्या असल्या तरी तो अपरिग्रहीच.

यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीस तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने आहत नादाला लोकरंजक म्हटले आणि त्याच दमात भवबंधन तोडणाराही म्हटले. जो नाद बंधन तोडण्यासाठी आहे, त्याच्यावरच मालकी सांगून आणखी एक बंधन निर्माण करणे हा त्या नादाशी केलेला द्रोह होय. म्हणून संग्राहकाने आपल्या दप्तराचा जमाखर्च तबकड्यांच्या संख्येवर मांडू नये. त्या किती कानांपर्यंत पोहोचल्या आणि त्या ऐकून कोणी तंबोरा हाती घेतला काय, यावर मांडावा. त्या हिशेबात बाकी निघाली, तर ती फेडण्यासाठी त्याला कपाट उघडावेच लागेल.