आराखड्याबाहेरची कादंबरी

लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे घेऊन आणि मालिकेच्या मालकाचा परवाना मिळवून लिहिल्या जाणाऱ्या कादंबरीला इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ‘टाय-इन’ म्हणतात. मराठीत तिला मालिकाश्रित कादंबरी म्हणता येईल. ‘आश्रित’ या शब्दातील हेटाळणी येथे जाणूनबुजून राहू दिली आहे, कारण अलीकडे साहित्यचर्चेत हिरिरीने मांडल्या जाणाऱ्या एका युक्तिवादाचा सगळा भार त्या हेटाळणीवरच आहे. त्या युक्तिवादानुसार अशा कादंबरीचा आराखडा आधी मंजूर होतो, पात्रे आधीच ठरलेली असतात आणि शेवटी त्यांना जिथल्या तिथे नेऊन ठेवायचे हेही ठरलेले असते. तेव्हा उरते ती शब्दांची भरणी, आणि ती उद्या यंत्राने केली तर काय बिघडले? याच युक्तिवादाचे शेपूट असे की, अशी कादंबरी प्रकाशकाने नाकारली तरी वाङ्मयाची काहीच हानी होत नाही, कारण रद्द झालेल्या मागणीचे सुतक कोणी पाळत नसते. (असे म्हणणाऱ्यांपैकी काहीजण कवी मुक्तेश्वराने व्यासांच्या महाभारतकथेत घेतलेल्या स्वातंत्र्यावर मात्र पानेच्या पाने कौतुकाने लिहितात, ही गंमत तूर्त बाजूला ठेवलेली बरी.)

या युक्तिवादाची परीक्षा घेण्यास जिम मॉर्टिमोर यांच्या ‘कॅम्पेन’ या कादंबरीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि १९८९ मध्ये थांबली. पडदा रिकामा झाल्यावर १९९१ पासून व्हर्जिन या प्रकाशनसंस्थेने आणि १९९७ पासून खुद्द बीबीसीने डॉक्टर या कालप्रवासी नायकाच्या नव्या कथा छापील कादंबऱ्यांतून चालू ठेवल्या. मॉर्टिमोर या दोन्ही कालखंडांतले लेखक होते आणि आपला अवखळपणा त्यांनी कधी लपवला नव्हता. त्यांच्या ‘आय ऑफ हेवन’ (१९९८) या कादंबरीतील प्रकरणे काळाच्या क्रमाने येतच नाहीत. पहिला डॉक्टर, त्याची नात सूझन आणि इयान व बार्बरा हे दोन शिक्षक अलेक्झांडरच्या काळात जातात, अशी एक ऐतिहासिक कथा त्यांनी बीबीसीला देऊ केली आणि ती स्वीकारलीही गेली. लिहिता लिहिता मात्र पुस्तक दुसरेच झाले. डॉक्टरचे कालयान शून्यात अडकले आहे, आतल्या प्रवाशांना अलेक्झांडरसोबत घालवलेले दिवस आठवतात, पण कोणाची आठवण कोणाशी जुळत नाही. एवढेच नव्हे, तर पात्रांची नावेही स्थिर राहत नाहीत आणि ‘क्लिफ’, ‘लोला’ अशी जी नावे १९६३ च्या सुरुवातीच्या कच्च्या आराखड्यांत होती आणि पुढे टाकून दिली गेली, ती येथे भुतांसारखी परततात. मंजूर झालेला मजकूर हा नव्हे, या कारणाने बीबीसीने पुस्तक नाकारले. २००० मध्ये मॉर्टिमोर यांनी ते स्वतःच छापले आणि त्यातून येणारा पैसा धर्मादाय कामाला दिला.

आराखडा आणि अंमलबजावणी यांच्यातील या फटीचा विचार ज्याने सर्वांत चिकाटीने केला, तो ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉबिन जॉर्ज कॉलिंगवूड (१८८९–१९४३). ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारा आणि रोमन ब्रिटनच्या अवशेषांवर अधिकाराने लिहिणारा हा माणूस १९३८ च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ या ग्रंथात कारागिरी आणि कला यांची फारकत करतो. कारागिरीत साध्य आधी ठरते आणि साधने मागून येतात. किती लांबीरुंदीचे टेबल हवे हे सुताराला रंधा हाती घेण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि ते ठाऊक नसेल तर त्याला सुतार म्हणता येणार नाही. कलेत असे पूर्वज्ञान आवश्यक नाही. कलावंताला आपल्या आत काहीतरी खळबळते आहे एवढेच कळते. ते काय आहे हे त्याला व्यक्त केल्यावर उमगते, आणि हे उमगणे म्हणजेच ‘अभिव्यक्ती’. त्यामुळे ठरावीक भावना ठरावीक मात्रेत वाचकाच्या मनात उठवणारे लेखन, मग ते कितीही सफाईदार असो, कॉलिंगवूडच्या लेखी करमणुकीची कारागिरी ठरते, आणि रहस्यकथेला तो याच रांगेत बसवतो. तथापि त्याची एक पुस्ती नेहमी विसरली जाते: एकच वस्तू कारागिरी आणि कला दोन्ही असू शकते. मागणीवरून केलेल्या कामातही कला उतरू शकते. फक्त ती उतरते ती मागणी पुरी झाली म्हणून नव्हे.

यंत्रवाद्यांचा युक्तिवाद नेमका या पुस्तीवर येऊन आपटतो. आराखड्याची दोन पाने आणि कादंबरीची अडीचशे पाने यांच्यामध्ये जे घडते ते भरणी असते, तर ‘कॅम्पेन’चा आराखडा मंजूर होऊनही पुस्तक नामंजूर होण्याचा प्रसंगच उद्भवला नसता. प्रकाशकाचा नकार हाच या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक वाङ्मयीन अभिप्राय होय, कारण मागवलेल्या वस्तूऐवजी वेगळेच काही हाती आले आहे, हे त्याने इतर कोणाच्याही आधी ओळखले. अलेक्झांडरचा इतिहास सांगायला बसलेल्या लेखकाला आपला खरा विषय अलेक्झांडर नसून सदतीस वर्षे अनेक हातांनी लिहिल्या गेलेल्या पात्रांना कोणता भूतकाळ आपला म्हणता येईल, हा आहे असे लिहितानाच कळले असावे. आणि असे कळणे यालाच कॉलिंगवूड कला म्हणतो.

येथवर आल्यावर लेखणी खाली ठेवण्याचा मोह होतो, परंतु या मांडणीत एक लबाडी शिरली आहे. आराखडा मोडला म्हणून कला झाली, असे म्हटले की नकार हेच गुणवत्तेचे प्रमाणपत्र ठरते, आणि मग प्रत्येक साभार परत आलेल्या बाडाला प्रतिभेचा मान द्यावा लागेल. त्याच काळातील पॉल कॉर्नेल यांची ‘ह्यूमन नेचर’ (१९९५) परवान्याच्या चौकटीत राहून, रीतसर प्रकाशित होऊन अशी उतरली की २००७ मध्ये, तोवर पुन्हा सुरू झालेल्या मालिकेने स्वतःच तिच्यावर भाग काढले. शिवाय कॉलिंगवूड शेवटच्या प्रकरणांत स्वतःच्याच एकांतवासी कलावंताला रस्त्यावर आणतो: प्रतिभावंत सर्व काही स्वतःतून निर्माण करतो ही समजूत त्याला व्यक्तिवादाचे खूळ वाटते, प्रताधिकाराच्या कायद्यावर तो तुटून पडतो आणि कलावंतांनी एकमेकांचे बिनदिक्कत उचलावे असे बजावतो. म्हणजे ज्या मालिकाश्रित लेखनाला पूर्वार्धातील कॉलिंगवूड कारागिरीच्या कोठडीत टाकतो, त्याला उत्तरार्धातील कॉलिंगवूड जामीन राहतो. अनेकांनी मिळून वाढवलेल्या कथाविश्वात लिहिणे हा कमीपणा नसून कलेची जुनी, निरोगी स्थिती आहे, आणि मुक्तेश्वराची गंमत आता बाजूला ठेवण्याचे कारण उरत नाही. तोही आश्रितच होता. पण व्यासांच्या कथाविश्वाला परवाना-विभाग नव्हता.

भेद एवढाच आहे, आणि तो लहान नाही. सामायिक कथाविश्वातील सहकार्य कोठे संपते हे महाभारताच्या परंपरेत पुढचा कवी आणि त्याचे श्रोते ठरवतात; मालिकेत ते मालक ठरवतो. या मालकीचे समर्थन बहुधा ‘कॅनन’च्या नावाने केले जाते. कॅनन म्हणजे कथाविश्वात कोणत्या घटना खरोखर घडल्या याची अधिकृत यादी, आणि ती सुसंगत राहावी म्हणून कोणीतरी दाराशी बसलेच पाहिजे, असे म्हटले जाते. ‘डॉक्टर हू’पुरते हे समर्थन हास्यास्पद आहे. अटलांटिसचा नाश कसा झाला याच्या १९६७, १९७१ आणि १९७२ मध्ये तीन कथा या मालिकेने दिल्या, त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि बीबीसीने अशी अधिकृत यादी कधी जाहीरही केलेली नाही. न जुळणाऱ्या आठवणींची कादंबरी नाकारणाऱ्या मालिकेची स्वतःची स्मृती अशी आहे. अर्थात बीबीसीला खलनायक ठरवण्याचेही कारण नाही: ऐतिहासिक साहस म्हणून जाहीर करायचे पुस्तक ऐनवेळी दुसरेच निघाले, तर संपादकाला वाचकाशी केलेल्या कराराचाही विचार करावा लागतो, आणि आराखडा बदलल्याचे वेळीच कळवणे हा लेखकाचा साधा धर्म आहे.

या सगळ्यात अलेक्झांडरचे नशीब मात्र विलक्षण म्हणावे लागेल, कारण डॉक्टरच्या दारातून तो एकदा नव्हे, दोनदा परत गेला. मॉर्टिमोर यांच्या कितीतरी आधी, मालिका नुकतीच सुरू झालेली असताना, पुढे आंतरराष्ट्रीय पेन या लेखकसंघटनेचे उपाध्यक्ष झालेले मॉरिस फारही यांनी ‘फेअरवेल, ग्रेट मॅसिडॉन’ नावाची संहिता बीबीसीला दिली होती. तीत हाच डॉक्टर, हेच तीन सहप्रवासी आणि हाच अलेक्झांडर होता. तिचे चित्रीकरण कधीच झाले नाही. ती संहिता २००९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि २०१० मध्ये बिग फिनिश या ध्वनिनाट्ये काढणाऱ्या कंपनीने विल्यम रसेल व कॅरोल अ‍ॅन फोर्ड या मूळ इयान आणि सूझनच्या आवाजांत ती रीतसर परवान्यानिशी ऐकवली. चार दशकांहून अधिक काळ पडून राहिल्यावर नाकारलेली वस्तू वारसा होते आणि मग तिला दार उघडते. ‘कॅम्पेन’ला आता कुठे पंचवीस वर्षे झाली आहेत, आणि बीबीसीच्या ग्रंथयादीत तिचे नाव अद्याप नाही.