चवीचे खरे-खोटे

स्कॉटलंडमधल्या ॲलोआ गावची विल्यम्स ब्रदर्स ही ब्रुअरी एल्डरबेरी घालून 'एबुलम' नावाची काळी एल बनवते. समजा, ती चाखून कुणी म्हणाले की आधी भाजक्या कॉफीचा वास येतो, मग आंबूस फळ जाणवते आणि घोट गिळल्यावर जिभेवर तुरटपणा रेंगाळतो. हे विधान खरे किंवा खोटे ठरू शकते का, की ते फक्त बोलणाऱ्याच्या मनाची नोंद आहे? 'ज्याची त्याची आवड' एवढे म्हणून हा प्रश्न बहुधा मिटवला जातो. मला तो असा मिटत नाही असे वाटते. चवीचे वर्णन हे वस्तूविषयीचे विधान आहे. ते चुकू शकते, आणि म्हणूनच त्याला ज्ञानाच्या प्रांतात जागा आहे.

उलट बाजूने सर्वांत भक्कम मांडणी इमान्युएल कांटची. १७९० साली आलेल्या सौंदर्यविचारावरच्या ग्रंथात तो म्हणतो की कॅनरी बेटांवरची वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला सुखद आहे' एवढेच म्हणावे. आवडीपुरते हे मान्य करायला काहीच हरकत नाही. पण आवडणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एबुलम मुळीच न आवडलेला माणूसही तिच्यातला तुरटपणा कबूल करतो. किंबहुना त्या तुरटपणामुळेच त्याला ती नकोशी होते. एकाची आवड आणि दुसऱ्याची नावड एकाच गुणावर उभी राहू शकते, यावरूनच तो गुण दोघांच्या मनांबाहेर कुठेतरी आहे हे कळते.

तो गुण आहे कुठे? डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीवरील निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या दोन नातलगांपैकी एकाला वाइनमध्ये चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात; पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली सापडते. काळ्या एलच्या बाबतीत ही किल्ली रसायनशास्त्राने शोधून दिली आहे. माल्ट भाजताना जी पायराझिन संयुगे तयार होतात, त्याच कुळातली संयुगे भाजलेल्या कॉफीत आणि कोकोतही असतात. म्हणजे कॉफीचा एक दाणाही न घातलेल्या एलला 'कॉफीचा वास' म्हणणे हा अलंकार नाही, ते बऱ्याच अंशी शब्दशः खरे आहे. फळाचेही असेच. एल्डरबेरीतली साखर यीस्ट खाऊन टाकते आणि मागे मुख्यतः आंबटपणा व तुरटपणा उरतो. जॅमसारखा गोडवा शोधणारा 'यात फळच नाही' म्हणतो तेव्हा तो वेगळे मत देत नसतो. तो चुकीच्या जागी शोधत असतो.

यावर २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दोचा प्रयोग पुढे केला जातो. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू यांनी व्हाइट वाइनला गंधहीन लाल रंग दिला, आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. हा पुरावा गंभीर आहे. काळ्या एललाही तो लागू पडतो, कारण पेल्यातला काळा रंग पाहूनच मन 'कॉफी, चॉकलेट' म्हणू लागत असणार. पण या प्रयोगातून नेमके काय सिद्ध होते? डोळा नाकाला फसवतो, हे. फसगत झाली असे आपण म्हणू शकतो, याचाच अर्थ त्या वाइनला तिचा स्वतःचा वास होता आणि वर्णन त्याच्याशी जुळले नाही. सगळे मनाचेच खेळ असते, तर ते विद्यार्थी चुकले असे म्हणायला आधारच उरला नसता. यातून अपारदर्शक पेल्यातून चाखावे हा धडा मिळतो; चाखणे व्यर्थ आहे हा मिळत नाही.

दुसरा आक्षेप शरीराचा आहे. रास्पबेरीच्या वासात वाटा असलेले बीटा-आयोनोन काहींना स्पष्ट जाणवते, तर काहींना जवळजवळ जाणवतच नाही, आणि हा फरक बराचसा 'ओआर५ए१' या एका जनुकावरून ठरतो. म्हणून रास्पबेरी घातलेल्या एलवर दोघांनी प्रामाणिकपणे वेगळे बोलणे शक्य आहे. मात्र एकाला वास न येणे म्हणजे दुसऱ्याला भास होणे नव्हे. लाल-हिरवा भेद न दिसणारे लोक असतात म्हणून रंग खोटे ठरत नाहीत.

मला खरा अडवतो तो संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी. ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडव्यांत मोठे अंतर आहे, पण ते सांगणे सरस्वतीलाही जमणार नाही, अशा आशयाचे तो 'काव्यादर्शा'त म्हणतो. यापुढे मान तुकवावी लागते. ज्याने एल्डरबेरी कधी चाखली नाही, त्याला कोणतेही वाक्य तिची चव देणार नाही. पण चव ओतणे हे वर्णनाचे काम नाहीच. पेला हातात असलेल्याला ते लक्ष कुठे द्यायचे हे सांगते: पहिल्या घोटातल्या गोडीकडे नको, गिळल्यानंतरच्या क्षणाकडे. न्यायदर्शनात विश्वासू जाणकाराचा शब्द हे प्रमाण आहे, पण इथे ऐकणाऱ्याला तो लगेच स्वतःच्या प्रत्यक्षाने तपासता येतो. लक्ष देऊनही अनेकांना तो तुरटपणा सापडला नाही, तर सांगणाऱ्याने आपला शब्द मागे घ्यायला हवा. आणि फळ एल्डरबेरीचे की काळ्या करंटचे यावर दोन जाणकारांचे एकमत होत नसेल, तर तिसऱ्या फळाचे नाव काढण्याऐवजी त्यांनी 'आंबूस, तुरट, गडद फळ' एवढ्यावर थांबावे. त्यापलीकडचा फरक दंडीने सांगितलेल्या अंतरांपैकीच एक आहे.