पार्नासस : नाव नेमके कोणाचे?

ग्रीसमध्ये डेल्फीच्या डोक्यावर २,४५७ मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर उभा आहे. ग्रीक लोक त्याला पार्नासोस म्हणतात; जगभर तो रूढ झाला ‘पार्नासस’ या लॅटिन नावाने. रोमनांनी फक्त नावाचा शेवट आपल्या व्याकरणात बसवून घेतला.

पण मुळात हे नाव ग्रीकांचे तरी आहे का?

ग्रीक भाषेतून त्याचा अर्थ लागत नाही. १८९६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ पॉल क्रेचमर यांनी क्नोसोस, कोरिंथोस, हालिकार्नासोस अशा नावांकडे लक्ष वेधले. ‘-सोस’ किंवा ‘-इंथोस’ अशा शेवटांची नावे ग्रीसमध्येही सापडतात आणि समुद्रापलीकडे अनातोलियातही, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. १९२८ मध्ये संशोधक हेली आणि ब्लेगेन यांनी ग्रीसमधली अशी नावे नकाशावर मांडली, तेव्हा ती कांस्ययुगातल्या जुन्या वस्त्यांशी बरीच जुळली. ग्रीक बोलणारे येण्यापूर्वी तिथे दुसरी माणसे राहत होती, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

अनातोलियातल्या लुवियन भाषेत ‘पर्ना’ म्हणजे घर, आणि ‘अस्सा’ हा संबंध दाखवणारा प्रत्यय. त्यावरून भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड पामर यांनी पार्नासोसचे नाते लुवियनशी जोडले. या हिशेबाने डोंगराचे नाव ‘घराचा’, कदाचित ‘देवाच्या घराचा’ असे ठरते. तर्क मोहक आहे, पण तो सिद्ध झालेला नाही.

नवे लोक आले की राज्य बदलते, देव बदलतात. डोंगराचे नाव मात्र ते पुष्कळदा आधीच्या लोकांना विचारूनच घेतात. पार्नाससच्या बाबतीत तसेच घडले असावे.

कीर्तीची वाट मात्र लॅटिनने रुंद केली. ग्रीक कवी हेसिओडच्या काव्यात कलादेवता हेलिकॉन पर्वतावर नाचतात. रोमन कवींनी पार्नाससलाही काव्याचे शिखर मानले. पुढे १७२५ मध्ये संगीतकार योहान फुक्स यांनी संगीतरचनेच्या आपल्या ग्रंथाला ‘पार्नाससच्या पायऱ्या’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पॅरिसमध्ये तर सतराव्या शतकातले विद्यार्थी दगडमातीच्या एका ढिगाऱ्यावर जमून कविता म्हणत आणि त्यालाच थट्टेने ‘माँ पार्नास’, म्हणजे पार्नासस पर्वत, म्हणत. ढिगारा पुढच्या शतकात सपाट झाला. माँपार्नास ही वस्ती आजही नांदते आहे.

त्यामुळे या नावापुढे नुसते ‘लॅटिन’ किंवा ‘ग्रीक’ लिहून थांबणे अन्यायाचे आहे. आपल्या कोशांनी तिथे ‘बहुधा ग्रीकपूर्व, अर्थ अनिश्चित’ एवढी प्रामाणिक नोंद करावी.