वाळूची पोती

लालबागच्या मिरची गल्लीत अण्णांचं मसाल्याचं दुकान होतं. मार्च ते मे या गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी ठसका लागतो. एकीकडे बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी निवडली जात असते, दुसरीकडे डंके धडधडत असतात आणि ठाण्या-डोंबिवलीहून आलेल्या बायका साठवणीच्या मसाल्यासाठी डबे घेऊन रांगेत उभ्या असतात. त्या दिवसांत अण्णांच्या पिकअपच्या वाशीच्या मसाला मार्केटला सारख्या खेपा चालायच्या. मधूनच ती राजापूरला जाऊन बागेतले आंबे आणायची. बागेचा रस्ता लाल मातीचा आणि चढाचा, म्हणून अण्णांनी फोर-बाय-फोर घेतलेली, हौस म्हणून नव्हे. गाडी महिंद्राची. लालबागकरांना तिचं तसं अप्रूप नाही. महिंद्राने विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली ती इथून जवळच, माझगावात.

गाडी जुनी झाली आणि डिझेल प्यायला लागली. कधीकाळी अकराचं अ‍ॅव्हरेज होतं, ते आठावर आलं. अण्णा म्हणाले, विकून टाका. धाकटा बाबू म्हणाला, थांबा, मी करतो काहीतरी.

बाबूचं करणं म्हणजे काहीतरी विकत आणणं. ऑपेरा हाऊसकडच्या एका दुकानातून त्याने डिझेलच्या पाइपाला बांधायचं चुंबक आणलं. त्याने म्हणे डिझेलचे कण एका रांगेत येतात. मग टाकीत ओतायची बाटली आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर उपकरणं आजवर तपासली आहेत, आणि फार थोड्यांनी काही फरक पडला; पण हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. शेवटी बाबूची नजर फ्री-व्हील हबवर गेली. फोर-बाय-फोर गाडी टू-व्हीलवर चालवली तरी पुढचे एक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट चाकांबरोबर उगाच फिरत राहतात. हब सोडले की ते थांबतात. यात फसवणूक काही नाही, फायदा होतो. पण थोडा. बाबूने किंमत सांगितली तेव्हा अण्णांनी वही मिटली आणि फिटरमामांना निरोप धाडला.

फिटरमामा शेजारच्या चाळीतले. तरुणपणी गिरणीत रिंगखात्यात फिटर होते. १९८२ चा संप झाला, त्यानंतर त्यांची गिरणी काही धड उभी राहिली नाही, आणि मामांनी परळच्या एका गॅरेजात पाना हातात घेतला. डोकं मात्र गिरणीतलंच राहिलं. तिथे शेकडो चात्या एकदम फिरायच्या आणि कुठे बेअरिंग धरलं तर तिथे वीज जळतेय हे हात ठेवून कळायचं.

“मामा, हब बसवू ना?” बाबूने विचारलं.

“बसव की. पण आधी भायखळ्यापर्यंत एक चक्कर मारून ये. येताना पुलावरून ये आणि ब्रेक जमेल तेवढा कमी मार.”

गाडी परत आली. मामा उकिडवे बसले आणि एकेका चाकाच्या मध्यावर तळवा टेकवत गेले. पुढची दोन्ही कोमट. मागचं उजवं कोमट. मागच्या डाव्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका बसलाच होता. जॅक लावून चाकं उचलली. उजवं हाताने फिरवलं तर गिरक्या घेत राहिलं. डावं पाव फेरा गेलं आणि खर्रर्र करून थांबलं. हँडब्रेकची केबल पावसात आतून गंजून आखडली होती. दांडा खाली यायचा, पण लायनर ड्रमला घासतच राहायचे.

“मला वाटलं इंजिन दमलं,” बाबू म्हणाला.

“इंजिन कशाला दमतंय? तू त्याला ब्रेक लावून पळवतोयस. आणि वर पाइपाला लोहचुंबक बांधतोयस.”

मग मामांनी मागची ताडपत्री उचलली. खाली वाळूची चार पोती. ती अण्णांनी टाकली होती, आणि तेव्हा ते बरोबरच होतं: बागेच्या चढावर रिकाम्या गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, म्हणून वजन हवं होतं. पुढे ग्रामपंचायतीने तेवढा चढ सिमेंटचा केला. पोती राहिली. लालबाग ते वाशी, वाशी ते लालबाग, त्या वाळूने किती प्रवास केला देव जाणे. ४५ किलो फालतू वजनामागे सुमारे एक टक्का इंधन जातं असा ढोबळ हिशेब सांगतात. जड गाडीत जरा कमी धरा. टपावरचा कॅरिअर बाबूने पेट्या ठेवायला लावलेला. पेट्या आता मागेच रचतात, कॅरिअर नुसता वारा अडवतो. पुढचा लोखंडी बुलबारही त्याचाच. तो तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलाय, पण कोण बघतंय म्हणून राहिलेला. चाकांत हवा कमी, कारण मऊ चाकांनी खड्डे जाणवत नाहीत असं ड्रायव्हरचं मत. एक पौंड हवा कमी असेल तर इंधनाचं नुकसान जेमतेम ०.२ टक्के, पण इथे पौंड एक नव्हता.

सगळ्यात भारी निघाला थर्मोस्टॅट, म्हणजे तो निघालाच नाही, कारण तो नव्हताच. एकदा कशेडी घाटात गाडी तापली होती, तेव्हा तिथल्या मिस्तरीने “कटकट नको” म्हणून तो काढून टाकला. तेव्हापासून पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहायचं, तापमानाचा काटा तळाला चिकटलेला, आणि बाबू तो दाखवून लोकांना सांगायचा की आपली गाडी कधी तापत नाही. डिझेल इंजिन ठरल्या तापमानाला आलंच नाही तर तेल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही, आणि तुम्ही धूर विकत घेत राहता.

आता बापलेक जुंपले. अण्णा म्हणाले, याने कॅरिअर लावला, रुंद टायर लावले, गाडी मिरवायला घेतली की काय? बाबू म्हणाला, आणि पोती कुणाची? खरं तर दोघांचंही आपापल्या जागी चुकलं नव्हतं. त्या गाडीत वेडेपणाने ठेवलेली वस्तू बुलबार सोडला तर एकही नव्हती. चढ होता म्हणून वाळू, पेट्या होत्या म्हणून कॅरिअर, घाट होता म्हणून थर्मोस्टॅट गेला. कारण संपलं तरी वस्तू तशीच राहिली, एवढंच. नवीन काय आणायचं यावर आपल्या घरांत बैठका होतात. काय उतरवायचं, यावर झालेली बैठक मी तरी पाहिलेली नाही.

टायरांची गोष्ट निघाली तेव्हा मामांनी खडूने फरशीवर आकडे मांडले. कंपनीचे टायर २१५ चे होते, बाबूने २३५ चे लावले. त्यामुळे चाकाचा घेर चार टक्क्यांहून थोडा जास्त झाला. चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं, मीटरला त्याचा पत्ता नाही. गाडी शंभर किलोमीटर गेली की मीटर शहाण्णव दाखवणार.

“म्हणजे अ‍ॅव्हरेज आठ नाहीच,” बाबू आनंदला. “आठ पूर्णांक तीन!”

“हो. मापात खोट निघाली, ती तुझ्या बाजूने. पुढच्या वेळी गोव्याच्या हायवेला किलोमीटरचे दगड बघून पडताळ. पण रुंद टायर ओढायला जड जातात ते वेगळं.”

केबल बदलली, थर्मोस्टॅट बसवला, हवा भरली, पोती, कॅरिअर आणि बुलबार उतरवले. टायर झिजेपर्यंत राहू दे म्हणाले मामा, चांगला टायर फेकून डिझेल वाचवणं हा हिशेब नव्हे. बाबूला दोन गोष्टी सांगितल्या: गल्लीत माल उतरवताना इंजिन बंद, आणि पुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून गाडी तोलायची नाही. हायवेला पंचेचाळीस ते पंचावन्नच्या वेगात राहा, हे तर पेट्रोलियम संवर्धनवाले केव्हापासून सांगताहेत, त्यात मामांचं काही श्रेय नाही.

टाकी काठोकाठ भरून, ती रिकामी होत आल्यावर पुन्हा त्याच पंपावर भरून मोजलं. साडेदहाच्या थोडं वर. अकरा आलं नाही. नोझल जुने, मुंबईचे सिग्नल आणि रुंद टायर यांचा वाटा कुठे जाणार? अण्णांनी विकायचा विषय काढला नाही. बाबूने हबचा काढला.

“गावी चिखलात उतरून हब लॉक करशील?” मामांनी विचारलं. बाबू म्हणाला, बघू.

फुटपाथवर उतरवलेला ढीग पडला होता. वाळू चाळीच्या दुरुस्तीवाल्याने मागून नेली. उरलेल्याकडे बघत अण्णा नोकराला म्हणाले, “तो कॅरिअर पोटमाळ्यावर टाक रे. लागेल कधीतरी.”

मामांनी मान वर करून पोटमाळा पाहिला. आजोबांच्या वेळचा लोखंडी तराजू, बंद पडलेल्या डंक्याची मोटर, झाकणं हरवलेले पत्र्याचे डबे, तीन सिलिंग फॅन. खालची मिरचीची पोती जागा नाही म्हणून दारात आली होती आणि गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून आत येत होतं.

“अण्णा,” ते म्हणाले, “पोटमाळ्याचं अ‍ॅव्हरेज कोण काढणार?”

अण्णा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी बाबूने भंगारवाल्याला हाक मारली तेव्हा अडवलंही नाही. फक्त कॅरिअरच्या भावावरून त्याच्याशी पाऊण तास घासाघीस केली, आणि तराजू मात्र परत वर चढवायला लावला.