ठरलेला भाव ही अमानत आहे



आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक जुना मोबाईल असतो, बहुधा दादीचा किंवा नानीचा. त्यावरून ती स्वतः क्वचितच कोणाला फोन लावते; परगावी नोकरीला गेलेल्या नातवाचा किंवा सांगलीला दिलेल्या लेकीचा फोन येण्याची वाट मात्र रोज पाहते. २००५-०६ च्या सुमारास मोबाईल कंपन्यांनी 'आजीवन' कार्ड बाजारात आणले. सुमारे एक हजार रुपये एकदाच भरा आणि आयुष्यभर फोन घ्या, असे ते आश्वासन होते. कोल्हापुरातही कित्येक कुटुंबांनी विश्वासाने ते पैसे भरले. पुढे २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी निरोप पाठवला की सेवा चालू ठेवायची असेल, तर दर २८ दिवसांना किमान ३५ रुपये भरावे लागतील. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, तेव्हा हस्तक्षेप केला आणि ज्यांच्या खात्यात पुरेशी रक्कम शिल्लक आहे त्यांची सेवा तडकाफडकी तोडू नये, असे कंपन्यांना बजावले. तरीही 'आजीवन' या शब्दाला तडा गेला तो गेलाच.

पस्तीस रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. मग हा प्रश्न लहान म्हणून सोडून द्यावा काय? श्रद्धावंताने तसे करू नये. अल्लाहजवळ रक्कम मोजली जाते, तसा शब्दही मोजला जातो.

मात्र निवाडा करण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. भाव वाढवणे ही एक गोष्ट आणि ठरलेला भाव मोडणे ही दुसरी. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी आपले दर वाढवले. २८ दिवसांच्या ज्या योजनेला १७९ रुपये पडत होते, तिला १९९ मोजावे लागले. घराघरांत संताप झाला. परंतु ज्यांनी जुन्या दराने आधीच पैसे भरले होते, त्यांची मुदत संपेपर्यंत तोच दर राहणे आणि पुढच्या खरेदीला नवा दर लागणे, यात करारभंग नाही. तो नवा सौदा आहे. पटला तर घ्यावा, न पटला तर सोडावा.

मदीनेत एकदा महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव बांधून देण्याची विनंती केली. हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसनुसार प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. भावांची चढउतार अल्लाहच्या हाती आहे आणि कोणाच्याही जीविताबद्दल वा मालाबद्दल अन्यायाचा दावा माथ्यावर घेऊन मला त्याच्यापुढे जायचे नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अर्थात मूठभर विक्रेत्यांनी बाजार आवळून धरला, तर शासनाने लोकांच्या हितासाठी भावात लक्ष घालावे, असे मत इमाम इब्ने तैमिया (रह.) यांच्यासारख्या विद्वानांनी मांडले आहे. परंतु केवळ भाव चढला म्हणून विक्रेत्याला जालिम ठरवणे हा न्याय नव्हे.

जुलूम सुरू होतो तो सौदा झाल्यानंतर. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानधारकांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३४) वचनाबद्दल जाब विचारला जाईल, असा इशारा आहे. पैसे घेतले, मुदत सांगितली, दर ठरला. त्या क्षणापासून तो दर विक्रेत्याच्या मर्जीची वस्तू राहत नाही. तो ग्राहकाचा हक्क आणि विक्रेत्याकडे ठेवलेली अमानत होतो.

यावर कंपनीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. 'दर बदलण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवला होता. अटींमध्ये तसे लिहिले होते.' मुस्लिम आपल्या अटींना बांधील असतात, असा हदीसचा आशय आहे, हे खरे. परंतु त्याच हदीसमध्ये हरामला हलाल करणारी अट वगळली आहे. आपल्या फिक्हनुसार व्यवहारात किंमत उभय पक्षांना माहीत असली पाहिजे, फसवी अनिश्चितता, म्हणजे 'गरर', असलेल्या विक्रीस प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. 'आजीवन'चेच पाहा. त्या शब्दाचा बारीक अक्षरांतला अर्थ ग्राहकाचे आयुष्य असा नव्हताच, तर कंपनीच्या परवान्याचे आयुष्य असा होता! घेणाऱ्याने एक समजावे आणि देणाऱ्याने दुसरे मनात धरावे, त्याला सूरह अन्-निसामध्ये (४:२९) सांगितलेली परस्पर संमती कसे म्हणावे? होय, बदलाची अट तोंडाने स्पष्ट सांगितली असेल आणि न पटल्यास उरलेले पैसे परत घेऊन बाहेर पडण्याची मोकळीक असेल, तर गोष्ट वेगळी.

देशाचा नियमही येथे करारपालनाच्याच बाजूने आहे. ग्राहकाने योजना घेतल्यापासून सहा महिने तिच्यातील कोणताही दर वाढवता येत नाही. एकरकमी पैसे घेऊन सहा महिन्यांहून अधिक मुदतीची किंवा आजीवन म्हणून योजना विकली असेल, तर सांगितलेली मुदत संपेपर्यंत ती पाळावी लागते. म्हणून अन्याय झाल्यास गप्प बसू नका. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. मोबाईल सेवेच्या तक्रारी तेथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय तर २०११ पासून देशभर आहे. मात्र दुकानातल्या पगारी पोराला शिव्या देऊ नका. दर त्याने ठरवलेला नाही. आणि कंपनीने फसवले म्हणून दुसऱ्याच्या कागदपत्रांवर कार्ड काढून तिला फसवू नका. ज्याने तुमच्याशी विश्वासघात केला त्याच्याशीही विश्वासघात न करण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे.

आता आरसा आपल्याकडे वळवू या. रमजानच्या सुरुवातीला एक शिलाई ठरवून कापड घेणारा आणि चांदरातीला, गिऱ्हाईक अडलेले पाहून, जास्त मागणारा शिंपी आपल्याच मोहल्ल्यात नाही काय? अकरा महिन्यांचा भाडेकरार करून सातव्या महिन्यात 'आता परवडत नाही' म्हणणारा घरमालक? निकाहच्या मंडपाचा आकडा ठरवून ऐन वेळी 'माल महागला' सांगणारा? मजुरी ठरवून संध्याकाळी कामगाराच्या हातावर कमी टेकवणारा? कंपनीच्या हाती लाखो ग्राहक, आपल्या हाती चार. फरक संख्येचा आहे, गुन्ह्याचा नाही. वचन मोडणे आणि अमानतीत खयानत करणे या दोन्ही गोष्टी प्रेषितांनी (स.) दांभिकाच्या लक्षणांत मोजल्या आहेत. तेथे धंदा लहान की मोठा, असा भेद केलेला नाही.

आपल्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. एकदा भाव पुकारला गेला की दुसऱ्या दिवशी बाजार चढो वा उतरो, त्या सौद्याचा भाव तोच. नुकसान सोसूनही जो शब्द पाळतो, त्याच्याच दुकानावर लोक पुन्हा येतात. मुस्लिम व्यापाऱ्याची ओळख अशी असावी की त्याने सांगितलेला भाव लिहून घेण्याची कोणाला गरज वाटू नये. आणि तरीही त्याने तो स्वतःहून लिहून द्यावा, कारण सूरह अल-बकरामध्ये (२:२८२) उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची सविस्तर शिकवण आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दरवाढीचा संदेश मोबाईलवर येईल, तेव्हा आपल्या हक्काची चौकशी जरूर करावी. त्याच दिवशी आपल्याकडे कोणाचा ठरलेला भाव अडकून आहे, हेही आठवावे आणि तो चुकता करावा. अल्लाह आपणा सर्वांना शब्दाचे पक्के आणि व्यवहाराचे स्वच्छ बनवो. आमीन.